कॉफी सांडली त्या दुपारी

मित्रांनो, मी सात वर्षांचा लॅपटॉप आहे. तुमच्यात सात वर्षांचं मूल म्हणजे दुधाचे दात पडायचं वय, आमच्यात त्या वयाला "आता नवा घ्या की!" असं येताजाता ऐकून घ्यावं लागतं. माझं एक बिजागर सैल झालं आहे आणि झाकणाच्या कोपऱ्याचा टवका उडाला आहे. तरीही मी चालतो. मी अजून का चालतो, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

हातमोजे घातलेल्या अनेक हातांनी एका लांबलचक कारखान्यात मला घडवलं. तिथून मी खोक्यात बसून ताईच्या टेबलावर आलो. ताई भाषांतरं करते. सुरुवातीला माझे काय लाड! मऊ फडक्याने पुसणं काय, शेजारी पाण्याचा पेलासुद्धा न ठेवणं काय! पुढे सवय झाली तशी माझ्या कळांत बिस्किटांचा चुरा साचू लागला आणि कपबशी थेट माझ्या मांडीला मांडी लावून बसू लागली.

गेली दोन वर्षं ताई एकच पुस्तक करत होती. बाळंतपण करणाऱ्या परिचारिकांसाठी ते आपल्या भाषेत आणायचं होतं. चारशे पानं झाली होती आणि ती सगळी फक्त माझ्या पोटात होती. "उद्या दुसरीकडे उतरवून ठेवते," असं ती रोज म्हणे. तो उद्या काही उजाडला नाही.

घरात ताई आणि तिचे बाबा, दोघंच. बाबांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द रुसले. डोक्यात सगळं लख्ख, पण तोंडातून भलताच शब्द निसटायचा. पाणी हवं असलं की ते "चमचा" म्हणायचे आणि चुकलं हे कळून स्वतःवरच चिडायचे. ताई बिचारी कामाने पिचलेली. त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबायला तिला फुरसत नसे. "राहू द्या बाबा, मी बघते," एवढं म्हणून ती अंदाजाने काहीतरी उरकून टाकी. बाबा मग गप्प बसत.

त्या दुपारी ताई शेवटच्या प्रकरणावर होती. मान खाली, बोटं भराभर चाललेली. तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरातून निघाले. डाव्या हातात कॉफीचा कप, उजवा पाय फरफटत. आजारपणानंतर त्यांनी पहिल्यांदाच कुणासाठी काही केलं होतं. एकेक पाऊल टाकत ते टेबलापर्यंत आले. कप टेबलावरच्या बशीत ठेवायला ते वाकले, तेव्हा कुठे ताईचं लक्ष गेलं.

"अहो बाबा, कशाला!" ती दचकून उठली आणि तिचं कोपर कपाला लागलं.

गरम, गोड, दुधाळ कॉफी माझ्या कळांवर पसरली आणि फटींतून आत उतरली. मित्रांनो, माणसाला ठसका लागला तर तो खोकतो. मला खोकता येत नाही. माझ्या पडद्यावर आपोआप "ससससस" अशी ओळ धावू लागली.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे उद्योग करायला?" ताई ओरडली. तिने ओढणीनेच मला पुसायला सुरुवात केली. पुसता पुसता ती कॉफी आणखी आत दाबत होती आणि भिंतीतली वायर माझ्यात तशीच खोचलेली होती.

"दार!" बाबा म्हणाले. "दार! दार!"

"आत्ता दाराचं काय घेऊन बसलात?"

"दार!" त्यांचा चेहरा लालबुंद झाला. डावा हात भिंतीकडे झेपावत होता. ताईला वाटलं, दार उघडं राहिलंय म्हणून ते त्रागा करताहेत. ती पळत गेली, दार लावलं आणि परत आली. तेवढ्यात माझा पडदा काळा झाला.

ताई माझ्यावर वाकली. "नाही, नाही, असं नको करूस रे," ती मला म्हणाली आणि तिचं बोट माझ्या सुरू करायच्या बटणाकडे आलं.

त्या क्षणी ते बटण दाबलं गेलं असतं, तर भिजलेल्या आतड्यांतून वीज भलत्या वाटांनी धावली असती आणि मी कायमचा संपलो असतो. बाबांनी तिच्या हातावर फाडकन चापट मारली. लेकीवर त्यांनी कधी हात उचलला नव्हता. ताईने हात मागे घेतला.

"दार..." बाबांनी डोळे मिटले, श्वास घेतला. "दार बं... दार बंद... बंद! बंद!"

त्यांना दार म्हणायचंच नव्हतं. दाराचा हात धरून ते "बंद"पर्यंत पोचले होते.

ताईला एकदम उमगलं. तिने वायर उपटली. बाबांनी डाव्या हाताने मला उचलून उपडं केलं आणि टेबलाच्या कडेवर तंबूसारखं उभं ठेवलं. कॉफी टपटप खाली गळू लागली. मग त्यांनी कपाटाच्या माथ्याकडे बोट केलं. तिथे त्यांची हत्यारांची पत्र्याची पेटी होती, वर्षभर कुणी हात न लावलेली.

बाबांनी बारीक पेचकस उचलला, पण डाव्या हाताला तो साधेना. पातं स्क्रूवरून दोनदा घसरलं. त्यांनी तो ताईच्या हातात दिला. ते बोटाने स्क्रू दाखवायचे, ती फिरवायची. तिची घाई झाली की ते तिच्या मनगटावर बोटं टेकवायचे, ती थांबायची. माझी पाठ उघडली. बाबांनी बॅटरीच्या जोडावर नख ठेवलं. ताईने तो हलकेच ओढला आणि मला काही कळेनासं झालं.

पुढचं मी नंतर ऐकलं, ताई फोनवर मैत्रिणीला सांगत होती तेव्हा.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू आल्या होत्या, एका हातात तांदळाचा डबा आणि दुसऱ्या हातात हेअर ड्रायर. "अगं, तांदळात पुरून ठेव आणि वरून गरम हवा मार!" बाबांनी काकूंकडे असं पाहिलं म्हणे, की डबा आल्या पावली परत गेला. साखर आतल्या भागांना चिकटली होती. बाबांच्या इशाऱ्याबरहुकूम ताईने स्पिरिटमध्ये मऊ ब्रश बुडवून एकेक कोपरा साफ केला आणि मला पंख्याच्या साध्या वाऱ्यात ठेवलं.

संध्याकाळी तिचा धीर सुटला. "बाबा, वाळलाय वाटतं. एकदाच लावून बघू?" बाबांनी नकारार्थी मान हलवली आणि बॅटरी पेटीत घालून पेटी मांडीवर घेतली. पूर्ण दोन दिवस ते त्या पेटीजवळून हलले नाहीत. त्यांना जेवणसुद्धा तिथेच नेऊन द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ताई त्यांच्यापाशी जमिनीवर बसली. "बाबा, कॉफी तुम्ही नाही सांडली. मी सांडली. आणि ओरडले तुमच्यावर." बाबांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. या वेळी ती मधे बोलली नाही. शेवटी ते म्हणाले, "गरम... होती. भाजलं?" ताईने आपला हात पाहिला. मनगटावर लाल डाग होता. तिच्याही ध्यानात आला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी मला पुन्हा जोडलं. ताईने बाबांकडे पाहिलं. त्यांनी होकार दिला. तिने बटण दाबलं.

माझ्या पोटातला पंखा फिरला. पडदा काळाच. ताई मनात अंक मोजत होती, ओठ हलताना दिसत होते. ती सतरापर्यंत आली आणि मी उजळलो.

चारशे पानं शाबूत होती. माझ्या पाच कळा मात्र कायमच्या गेल्या. आता बाहेरून वेगळा कळफलक जोडून ताई काम करते. ती पानं तिने त्याच सकाळी दोन ठिकाणी उतरवून ठेवली.

परवा काकू बंद पडलेली इस्त्री घेऊन आल्या. आजवर त्या बाबांबद्दल ताईलाच विचारायच्या, "जेवले का गं हे?" परवा सरळ त्यांच्यासमोर बसल्या. "भाऊ, काय झालंय हिला, सांगता का?" बाबा सांगायला लागले. एकेका शब्दाला वेळ लागत होता. काकू इस्त्री मांडीवर घेऊन ऐकत राहिल्या.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं यंत्र तुमच्या घरी भिजलं, तर आधी वीज तोडा, त्याला उपडं करा आणि चालू करून बघायचा मोह आवरा. हे करताना मोठ्या माणसाला हाक मारा. आणि त्या गडबडीत कुणी अडखळत, चुकीच्या शब्दांत तुम्हाला काही सांगू पाहत असेल, तर हातातलं फडकं खाली ठेवा आणि त्यांचं वाक्य पुरं होऊ द्या.