चार बोटं वर

आवाज झाला तेव्हा क्रेनताईचा हात अजून दांड्यावरच होता. कारखान्यात सगळे तिला क्रेनताईच म्हणत. अकरा वर्षं ती छताखालच्या काचेच्या केबिनमध्ये बसून लोखंड उचलत होती, ठेवत होती. आजवर तिच्या हातून कुणाला खरचटलंही नव्हतं. आणि आज उचललेल्या पोलादी प्लेटला बांधलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक फाटकन तुटला. प्लेट तिरकी होऊन खाली आली, टेकूसाठी ठेवलेल्या लोखंडी घोडीवर अडली. खाली पाय अडकून पडला होता तिचा धाकटा दीर.

तिला काही कळेचना.

वॉकीटॉकी खरखरली. मुकादम होता. "ताई, ऐकू येतंय? जॅक घालायला जागाच नाही. तू चार बोटं वर घे, आम्ही ओढतो त्याला."

"दुसरा पट्टा?"

"अर्धा उसवलाय."

"आणि तुटला तर?"

तिनं काचेतून खाली पाहिलं.

"मला नाही जमणार. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"कुणी वर चढेपर्यंत तो पट्टा थांबायचा नाही, ताई."

तिनं हातांकडे पाहिलं. ते परक्याचे वाटले. दर रविवारी चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनासभेत तीच सगळ्यांना धीर द्यायची. ते शब्द कुठे पळाले कुणास ठाऊक!

"प्रभू," ती कशीबशी म्हणाली, "मी घाबरलेय. दांडा मी धरते. पट्टा तू धर."

भीती गेली नाही. पण हात हलला.

प्लेट करकरली. खालून दिराचा आवाज आला, "वहिनी, सावकाश! मला आज कुठे जायची घाई नाही!" कुणीतरी हसलं आणि हसताहसताच रडायला लागलं.

एक बोट. दोन. पट्ट्याचा एक पदर तटकन उडाला. तिनं दांडा सोडला नाही. तीन. चार.

"निघाला! निघाला!"

तिनं प्लेट अलगद खाली टेकवली आणि शिडी उतरून तिथंच जमिनीवर बसली. रडूही येईना.

दिराचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. जीव वाचला. इस्पितळात चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला विचारलं, "येत्या रविवारी सगळ्यांसमोर साक्ष द्याल? प्रभूनं काय केलं ते सांगाल?"

"काय सांगू? मला अजून खरंच वाटत नाही," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी ती कामावर आली. प्रत्येक नवा पट्टा तिनं बोटांनी चाचपून पाहिला.

"अजून सुट्टी घे की," मुकादम म्हणाला.

"घरी बसले तर भीतीच पोसली जाईल, दादा. आणि वर मी एकटी थोडीच असते?"

शिडीच्या एकेका पायरीवर थांबत, श्वास घेत, ती चढत राहिली.