गुलाबी पाण्याच्या दोन बरण्या

राहुरीच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर अंगात डॉक्टरी कोट आणि गळ्यात रुद्राक्ष घातलेले ‘आहारऋषी’ कल्याणगुरुजी गरजत होते, “मटण आम्ल! चहा आम्ल! भाकरी आम्ल! लोखंड गंजतं, तसं ह्या आम्लानं तुमचं काळीज गंजलंय!” अहो, एवढं आम्ल अंगात असतं तर माणसाला बॅटरीसारख्या वायरी जोडून ट्रॅक्टर चालू करता आला असता! पण हसायचं कुणाला सुचत नव्हतं.

कारण समोर चमत्कार चालला होता. गुरुजींचा चेला टेबलावरच्या दोन बरण्यांपैकी डावीकडच्या बरणीतलं गुलाबी पाणी ग्लासात ओतायचा, माणूस नळीनं त्यात फुंकायचा, आणि बघता बघता रंग गायब!

“हेच तुमच्या रक्तातलं आम्ल!” गुरुजी ओरडायचे. बाया तोंडाला पदर लावत होत्या.

“आता आपला याकोब बघा. एकवीस दिवस क्षारामृत पितोय!”

तिसऱ्या रांगेत बसलेली रूथ पुढं सरकून बघू लागली. याकोब तिचा धाकटा भाऊ, चर्चची घंटा वाजवणारा. आठ महिन्यांपूर्वी नगरला त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात त्यानं मटण सोडलं, भाजीपाला वाढवला, तीन किलो वजन उतरलं. श्रेय मात्र दिलं गुरुजींच्या बाटलीतल्या क्षारामृताला, आणि गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. रूथ रोज भांडायची. तो म्हणायचा, “ताई, तू शाळेच्या लॅबमधी नळ्या धुतल्या. गुरुजींपेक्षा तुला जास्त कळतं व्हय?”

याकोबनं छाती फुगवून फुंकलं. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. रंग तसाच! टाळ्यांचा कडकडाट झाला.

रूथचं लक्ष मात्र चेल्याच्या हाताकडे होतं. याकोबचा ग्लास त्यानं उजवीकडच्या बरणीतून भरला होता. ती उठली आणि तडक स्टेजवर गेली.

“याकोब, आता ह्या डाव्या बरणीतलं फुंक.”

“माताजी, नकारात्मक ऊर्जा पसरते...” गुरुजी आडवे आले.

“माताजी तुझ्या घरी! बाजूला हो. याकोब, फुंक.”

त्यानं फुंकलं. अर्ध्या मिनिटात रंग उडाला. मग रूथनं पुढच्या रांगेतल्या कलाबाईंना बोलावून उजव्या बरणीतलं पाणी दिलं. कलाबाईंनी क्षारामृताचा थेंबही चाखला नव्हता. बिचाऱ्या फुंकून फुंकून दमल्या, पाणी गुलाबी ते गुलाबीच.

“तीस वर्षं नळ्या धुतल्यात मी!” रूथ गर्दीकडं वळून ओरडली. “धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले की ते गुलाबी होतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिसळला की रंग जातो. तुमचा, माझा, निरोगी लेकराचासुद्धा! उजवीकडं सोडा जास्त, म्हणून तिथं टिकतो. रक्ताचा काय संबंध? रक्तातलं आम्ल फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, ह्याचं पाणी नाही. भाजीपाल्यानं वजन, शुगर, प्रेशर उतरायला मदत होते, ते खरं आहे. त्या खऱ्याच्या आडून हा खोटं खपवतोय!”

एकच गलका झाला. तेवढ्यात गुरुजी मागच्या दारानं पसार झाले. याकोबनं हातातली नळी खाली ठेवली.

“ताई, गोळ्या हायेत का गं घरात?”

“आहेत. तू फेकलेल्या उचलून ठेवल्यात.”

त्यानं त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू केल्या, पण उशीर झाला होता. चौथ्या दिवशी घंटेचा दोर ओढतानाच तो कोसळला. स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. जीव वाचला, पण हृदयाचा बराच स्नायू मेला, आता दोराला हात लावायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. रूथला स्वतःचाच संताप आला. घरात भांडत बसण्यापेक्षा गुरुजींच्या पहिल्याच शिबिरात येऊन तिनं बरण्या का नाही बघितल्या?

ईस्टरला घंटा दुसऱ्याच कुणी वाजवली. याकोब आवारातल्या बाकावर बसून ऐकत होता. शेजारचा जालिंदर त्याला भेटायला आला. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत हाही होता, नंतर शिव्या देणाऱ्यांतही होता.

“नेवाशाला नवीन महाराज आल्यात म्हनं,” तो म्हणाला. “ह्यांचं पानी निळं हाय. मला बी शुगर हाय, जाऊन येऊ का?”

रूथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिच्या आधी याकोबच बोलला.

“भाजी खा.” त्यानं दम घेतला. “गोळी डाक्टरला इचारल्याबिगर सोडू नको.” पुन्हा थांबला, छातीवर हात ठेवला. “आन् गेलासच, तर त्याला म्हनावं, आधी बरणी बदल, मग फुंकतो.”