माझ्यावर छापलेले पाचशे रुग्ण

मी तृप्तीचा बायोडाटा बोलतोय. एकच पान आहे मी, वर निळ्या अक्षरांत तिचं नाव. सध्या पंचवटीतल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये, टेबलाच्या खालच्या, अर्धवट उघड्या खणात पडलोय. मला कुणी बोलायला सांगितलेलं नाही. पण माझ्या अंगावर एक वाक्य छापलंय, ते मला स्वस्थ बसू देत नाही.

माझा जन्म मखमलाबादला, कोथिंबिरीच्या वावराच्या बांधावर झाला. तृप्तीनं लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता आणि दोन वर्षं ती घरीच होती. तिच्याबरोबर शिकलेल्या हर्षालीचा त्या सकाळी फोन आला होता. "अगं, पंचवटीत एका लॅबमध्ये जागा आहे. मी अर्ज करतेय, तू पण कर. दोघींपैकी एकीला तरी लागेल."

जुड्या बांधता बांधता तृप्तीनं मोबाईलमधल्या एआयला सांगितलं, "मला बायोडाटा बनवून दे." शिक्षण लिहिलं, एक महिन्याचं ट्रेनिंग लिहिलं. क्षणात मी तयार झालो. तेव्हा मी खरा होतो, पण अर्धं पान रिकामं होतं. तृप्तीनं तोंड वाकडं केलं. "अजून भारी कर." मी थोडा फुगलो. "अजून. अनुभव जास्त दाखव." तिसऱ्या खेपेला माझ्या मधोमध झोकदार इंग्रजीत एक वाक्य उमटलं: पाचशेहून अधिक रुग्णांचे रक्तनमुने स्वतंत्रपणे घेतले.

खाली एक बारीक ओळ होती, माहिती खरी असल्याची खात्री करूनच पाठवा. तृप्ती त्या ओळीपाशी थांबली. मग तेवढीच ओळ तिनं पुसली आणि बाकीचं पाठवून दिलं.

आठवड्यानं मुलाखतीचं बोलावणं आलं. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात मला कागदावर काढलं. घरी तिच्या वडिलांनी, सहादूंनी, चिखलाचे हात धुतले, पुसले आणि मला दोन्ही हातांत धरलं.

"इंग्रजीत हाय सगळं. काय लिवलंय गं?"

"माझं शिक्षण आणि अनुभव, आप्पा."

"येवढा अनुभव?"

तृप्ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आता सगळे असंच लिहितात."

त्यांनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घातलं. मला तेव्हा अभिमान वाटला. आज ते आठवलं की लाज वाटते.

लॅब प्रतिभा मॅडमची. मुलाखत दहा मिनिटांत उरकली, कारण तृप्तीनं उत्तरंही मोबाईलकडून लिहून घेऊन पाठ केली होती. मॅडमचा जुना माणूस काम सोडून गेला होता, त्यांना घाई होती. त्यांनी मला वरवर पाहिलं. "सोमवारपासून ये." मी त्यांच्या फाईलमध्ये गेलो. तृप्ती आनंदानं घरी गेली. हर्षालीला फोन करायचा मात्र तिला धीर झाला नाही.

पहिले दोन दिवस नोंदी आणि लेबलं लावण्यातच गेले. बुधवारी सकाळी सखुबाई आल्या. वय सत्तरीच्या पुढं, साखर तपासायला उपाशीपोटी आलेल्या. मॅडम आत मशीनपाशी होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "तृप्ती, यांचं घेऊन टाक."

टेबलावरच्या फाईलमधून माझी एक कड बाहेर आली होती. मला सगळं दिसत होतं. तृप्तीनं डाव्या दंडाला पट्टा बांधला.

"शीर लय बारीक हाय माझी," सखुबाई म्हणाल्या. "घाई नको करू, पोरी. येतं ना तुला?"

"येतं, आजी."

सुई टोचली. रक्त आलं नाही. तिनं सुई आतल्या आत फिरवली. सखुबाईंनी डोळे मिटले. दुसऱ्यांदा टोचली, तिसऱ्यांदा टोचली. कोपराच्या आत लिंबाएवढी निळी गाठ फुगून आली. सखुबाई "आई गं" म्हणाल्या आणि खुर्चीतच एका बाजूला कलंडल्या.

मॅडम धावत आल्या. सखुबाईंना आडवं केलं, पाय उंच केले, शुद्ध आल्यावर साखरपाणी दिलं, हातावर बर्फ धरला. त्यांना रिक्षात बसवून दिल्यावर मॅडम आत आल्या आणि फाईलमधून मला ओढून काढलं. त्या दिवशी एका माणसानं मला पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं.

"पाचशे?" त्यांनी विचारलं.

तृप्ती रडत होती. "बारा, मॅडम."

"बारा काय?"

"बारा जणांचं घेतलंय. तेही ट्रेनिंगमध्ये, सिस्टर शेजारी उभ्या असताना. पाचशे हे मोबाईलमधल्या एआयनं लिहिलं."

मॅडम ओरडतील असं मला वाटलं. त्या खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आणि मी तरी कुठं वाचलं? ऐंशी अर्ज आले होते. मीही एआयलाच सांगितलं, यातले चांगले पाच काढून दे."

म्हणजे मला लिहिलं मशीननं आणि निवडलंही मशीननं. मधे फक्त सखुबाईंचा हात आला.

"मॅडम, हर्षालीला घ्या," तृप्ती म्हणाली. "ही जागा मला तिनंच सांगितली. तिनंही अर्ज केला होता."

मॅडमनी शोधलं. हर्षालीचा मेल न उघडता पडला होता. स्वतःच लिहिलेल्या साध्या चार ओळी: देवळाली कॅम्पच्या दवाखान्यात दीड वर्ष काम. रोज वीस-पंचवीस जणांचं रक्त घ्यायचे. दवाखाना बंद झाल्यानं नोकरी हवी आहे.

मॅडमनी तिथल्या तिथं फोन लावला. पलीकडून हर्षाली म्हणाली, "मॅडम, मी ओझरला पॅकिंगच्या कामाला लागले. वर्षभराचं लिहून दिलंय. आता सोडता नाही यायचं."

तृप्तीनं फोन मागून घेतला. "हर्षा, मी बोलतेय."

"तुला लागली होय? बरं झालं बाई. मी म्हटलंच होतं, एकीला तरी लागेल."

तृप्तीनं तिला सगळं खरं सांगितलं. हर्षालीनं फोन ठेवून दिला.

तृप्तीची नोकरी गेली. मॅडम म्हणाल्या, "शिकायचं असेल तर सकाळी दोन तास ये. बघ, हात बसव. पण कामावर आहेस असं कुणाला सांगायचं नाही." ती आली. आजही येते.

महिन्यानं सखुबाई परत आल्या तेव्हा ती त्यांच्या पायाशी बसली. "आजी, माझं चुकलं."

"सुई चुकती, त्याचं काय न्हाय," सखुबाई म्हणाल्या. "पण मी इचारलं व्हतं तुला. येतं का म्हनून इचारलं व्हतं. तवा हो का म्हनालीस?"

तृप्ती उठली आणि मॅडमना बोलवायला आत गेली.

वाचकहो, तुमच्याही मोबाईलमध्ये माझी भावंडं तयार होत असतील. करा, मदत जरूर घ्या. पण पाठवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा, समोर कुणीतरी बाही वर करून बसलंय असं समजून. मला ते जमलं नाही. कागदाला नाही म्हणता येत नाही, तुम्हाला येतं.

सखुबाई दर महिन्याला येतात. मॅडमपुढे उजवा हात धरतात. डावा पदराखाली झाकलेला असतो.