कौतुकाने आखूड झालेला दोर

मित्रांनो, पृथ्वी शेषनागाच्या माथ्यावर उभी आहे, असे थोर लोक सांगतात. मार्कंडा गावची सारी जत्रा मात्र माझ्यावर उभी होती. मी नसतो, तर वैनगंगेच्या पैलतीरची माणसे महादेवाला मुकली असती आणि महादेव त्यांच्या नारळांना. मी एक जुना दोर आहे. सध्या माझ्यावर रंभाबाईचे ओले लुगडे वाळत आहे.

माझा जन्म अंबाडीच्या वाखाचा. मुखरू नावाड्याने मला अंगणात वळले, तेव्हा माझे दुसरे टोक त्याच्या बायकोच्या, म्हणजे रंभाबाईच्या हातात होते. नाव बांधायला दोर केवढा ठेवावा, यावरून दोघांचे तिथेच वाजले. मुखरूला मी आखूड हवा होतो. नाव काठाला चिकटून राहिली की चढणाऱ्यांचे पाय भिजत नाहीत.

"नदी काय तुमाले इचारून चढते?" रंभाबाई म्हणाली. "पाणी वर आलं का नाव बी वर याले पायजे. आखूड दोरानं ते तोंडानंच पाणी पेईन."

फार लांब ठेवावा, तर नाव खडकावर जाऊन आपटते. शेवटी ठरले, की उन्हाळ्यात माझा निम्मा भाग काठावरच्या अर्जुनाच्या झाडाला गुंडाळायचा आणि पावसाळ्यात सोडायचा.

मित्रांनो, दुसऱ्याला बांधून ठेवणाऱ्याला स्वतःला उसंत नसते. नाव डुलली की मी ताणला जाई. नाव थांबली की पुढच्या ओढीची वाट पाहत पडून राही. छप्पन साली आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. मी मात्र त्याच झाडाला होतो.

मग माझे कौतुक सुरू झाले आणि घात झाला. नावेचा दोर पाळण्याला बांधला की लेकरू वाहून जात नाही, अशी गावाची समजूत होती. पहिले आले गुणवंतराव पाटील, नातवासाठी.

"मुखरू, तुह्या दोरासारखा दोर साऱ्या नदीवर नाई. हातभर दे ना बा."

मुखरू फुलला. त्याने विळा काढला. मागून सुगंधाबाई आली. मग वारलू आला वासरासाठी. म्हणे, वासरू बी लेकरूच हाये.

"दोर हाये का परसाद?" रंभाबाई कडाडली. "पूर आला मंग काय तुमचं धोतर जोडू?"

"अवं, हातभरानं काय होते?"

त्याचे खरेच होते. दर वेळी हातभरच जात होते. झाडाला गुंडाळायला माझ्यात काही उरले नाही. आभाळ भरून आले की मला धडकी भरे.

पुढच्या श्रावणात एका सकाळी वैनगंगा चढली. मी ताठ झालो. नावेचे तोंड खाली खेचले गेले आणि पाणी आत येऊ लागले. मला सोडावे, तर नाव वाहून जाणार. धरून ठेवावे, तर बुडणार. त्या घराची चूल त्या एका नावेवर पेटत होती. मुखरू नुसता झाडाभोवती फिरत होता.

रंभाबाई गावात धावली.

"गुणवंतराव, नातू कडेवर घ्या!" म्हणत तिने पाळण्याला बांधलेला माझा तुकडा सोडला.

"अवं बाई, पण लेकरू वाहून..."

"लेकरू घरात हाये! वाहून माही नाव चालली!"

मग तिने घरोघरच्या पाळण्यांचे तुकडे सोडले आणि गावातली लेकरे एकदम रडू लागली. दोर सुटताच वारलूचे वासरू उधळले, ते थेट पाटलांच्या परसात. काठावर बाप्यांनी मला ओढून धरले, झाडाची गाठ सोडली, रंभाबाईने माझेच तुकडे मला जोडले आणि मग हळूहळू मला सैल सोडले. नावेने मान वर काढली. मुखरू आत उतरला आणि खाली मान घालून पाणी उपसत राहिला. बायकोकडे पाहण्यापेक्षा ते सोपे होते.

एकही लेकरू वाहून गेले नाही. तरी दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई विचारत आलीच, "गाठवाला तुकडा भेटन का? तो जास्त गुणाचा म्हणतात." त्या दिवसापासून विळा रंभाबाईच्या कमरेला.

मित्रांनो, कोणाचे कौतुक वाटले तर जरूर करा, पण त्याचा तुकडा घरी नेऊ नका. आता नावेला नवा दोर आहे आणि मी अंगणात. वाऱ्याने लुगडे डुलले की मला वाटते, नाव ओढते आहे. आणि मी उगाच ताठ होतो. तेवढे ते लुगडे चाचपून पाहा. वाळले असेल तर काढून घ्या.