बसा म्हटल्यावर

नवी गादी बसली त्या दिवशी नभा बसायची थांबली. घरात एक नवं बसणं यायचं होतं, ते गादीने घेतलं.

त्याआधी नभा बसू लागली होती, हे तिची आई केतकी कुणालाही शपथेवर सांगायला तयार होती. आधी लोडाला टेकून, मग लोड काढल्यावरही क्षणभर, दोन्ही तळवे पुढे टेकून बेडकासारखी. तेवढ्यात गादी आली, आठवडा व्हायच्या आत तिच्या मधोमध खळगा पडला, आणि नभा कलंडायला लागली. उजवीकडे उशी लावली की डावीकडे, डावीकडे लावली की पुढे नाकावर.

फोनवर सगळ्यांचं एकच. "बसते का गं?" केतकीची मावशी विचारी, जाऊ विचारी. केतकी म्हणे, "बसेल." समोरच्या फ्लॅटमधल्या बाई तर दारातच थांबवत. "आमचा आर्य सहाव्यात बसला. सातव्यात धरून उभा. पण प्रत्येक मूल वेगळं असतं हो," असं त्या इतक्या समजुतीने म्हणत की केतकीला रात्रीचं जेवण जात नसे.

तिचा नवरा निनाद याने गादीच्या खळग्यात हात घालून पाहिला. हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. मग त्याने पलंगाखाली वाकून पाहिलं. खालची फळी सपाट होती.

"दहा वर्षं काही होणार नाही म्हणाला होता दुकानदार," तो म्हणाला. "माझा विश्वास बसत नाही."

"विश्वास बसत नाही, मूल बसत नाही," केतकी म्हणाली. "बसते ती फक्त गादी. आत काय लागलं हाताला?"

"काही नाही. ऊब आहे. कुणाच्या तरी मांडीत हात घातल्यासारखं वाटलं."

सासूबाई दारातूनच बघत होत्या. "चांगली मांडी ठोकून बसलीय," त्या म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

त्यानंतर घर गादीकडे झुकू लागलं. आधी चादर अपुरी पडायला लागली, मग फरशी. स्वयंपाकघरात जायचं म्हणजे चढ आणि झोपायच्या खोलीत यायचं म्हणजे उतार. कांदे टोपलीतून निघून एकामागून एक खोलीत येत, पलंगाच्या पायाशी थांबत, आणि केतकीची पाठ वळली की वर चढून खळग्यात जात. पडल्याचा आवाज येत नसे. भिंती हळूहळू आत सरकल्या. कपाटाचं दार उघडायचं तर माणसाला पलंगावर चढावं लागे, आणि पलंगावर चढायचं तर काठाकाठाने. तिघं रात्री गादीच्या कडेला, जिन्याच्या कठड्यावर झोपावं तशी झोपत.

नभाला कुठेही ठेवलं तरी ती त्याच दिशेने जाई. हॉलमध्ये सतरंजीवर ठेवली तरी आधी तिचे पाय वळत, मग ती सगळीच वळे, हसत हसत, आणि उताराला लागे. केतकीने आपल्या जुन्या ओढणीचं एक टोक तिच्या कमरेला बांधलं आणि दुसरं आपल्या मनगटाला. भाजी चिरताना, केस विंचरताना, दूध उतू जाताना तिचं सगळं लक्ष त्या मनगटात असे. ओढणी ताठ झाली की ती हातातलं टाकून धावे.

"इतकं काय धास्तावतेस," निनाद म्हणाला. "तक्रार नोंदवलीय. माणूस येईल."

माणूस आला. त्याच्या हातात दोरीचं बंडल आणि एक छोटं वजन होतं. भिंत धरून धरून तो उतार उतरला, वजन बांधून दोरी खळग्यात सोडली आणि उभा राहिला. दोरी जात राहिली, मग संपली. त्याने ती वर ओढून घेतली आणि वजन मुठीत धरून पाहिलं. ते कोमट झालं होतं.

"गादी बसलीय," तो म्हणाला.

"ते आम्हालाही दिसतंय."

"पण वॉरंटीत बसत नाही."

"म्हणजे?"

"दोरी टेकली असती तर बसली असती, मॅडम. दोरी टेकत नाही, म्हणजे हा गादीतला खळगा नाही. घरातला आहे. घराची वॉरंटी आमच्याकडे नसते."

केतकीला खूप काही बोलायचं होतं. पण माणूस घामाघूम होऊन उभा होता, आणि लहानपणापासून दारातून आत आलेल्या प्रत्येकाला तिचं तोंड जे आपोआप म्हणत आलं होतं तेच म्हणालं.

"बसा ना, चहा टाकते."

"नको मॅडम, पुढं जायचंय," तो म्हणाला आणि चढ चढून निघूनही गेला.

त्याच्या मागची खुर्ची बसली. तिने आधी पुढचे दोन पाय दुमडले, मग मागचे, आणि गुडघेदुखीच्या बाईने बसावं तशी सावकाश, जरा कण्हत, ती फरशीवर टेकली. त्याच क्षणी कडेवरच्या नभाची मान केतकीच्या खांद्यावर पडली. बसणं आधीच गेलेलं होतं; खुर्चीने त्याच्या आधीचं, मान धरणं, घेतलं होतं.

केतकीने एक हात नभाच्या मानेखाली धरला. तिला गादी आली ती दुपार आठवली. दोघा जणांनी जिना चढून गादी आणली होती, पलंगावर टाकली होती. केतकी पाण्याचे पेले घेऊन आली ती बोलतच आली, "बसा ना." तोवर दोघं खाली पोचले होते. खोलीत गादीच होती. केतकी पेले परत घेऊन गेली. आपला आग्रह फुकट गेला, असं तिला वाटलं होतं.

"आई," ती म्हणाली, "मी गादीला बसा म्हटलं. त्या दिवशी. आणि आता खुर्चीला."

सासूबाई खुर्चीकडे बघत दारात आल्या. "म्हणून बसली होय. मला वाटलं कापूस वाईट."

"मग ऊठ म्हण," निनाद म्हणाला.

"आलेल्याला ऊठ म्हणतात का रे कधी? आपल्या घरात नाही म्हणत."

"अगं आई, नभाची मान बघ. गादी काय जन्मभर बसणार आहे?"

"कपिलाताई आल्या की जन्मभरच बसतात," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना कसं उठवतो आपण?"

केतकीने सासूबाईंकडे पाहिलं. मग नभाला निनादच्या हातात दिलं, "मान धर, दोन्ही हातांनी," असं दोनदा बजावलं, मनगटाची ओढणी त्याच्या मनगटाला बांधली आणि चढ चढून देवघराकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात हळदकुंकवाचा करंडा होता.

"गादीला चालतं का हे?" निनादने विचारलं.

"नवी आहे. कुमारिका म्हणून लाव," सासूबाई म्हणाल्या.

"आणि खुर्ची?"

"खुर्ची सवाष्ण आहे. टेबल आहे की तिचं अजून."

केतकी पलंगाच्या कडेवर गुडघे टेकून बसली. खळग्यातून ऊब येत होती, आणि कांद्यांचा वास. "कपाळ कुठे समजायचं?"

"लेबल असतं तिथं."

तिने लेबलाच्या वर आधी हळद लावली, मग कुंकू. ओंजळभर फुटाणे खळग्यात घातले. मग वाकून खुर्चीच्या पाठीलाही लावलं. घर अगदी गप्प होतं. सगळेच पाहुणे हळदकुंकू लावून घेतल्यावर जरा वेळ गप्प असतात.

"चला," गादी म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. "बराच वेळ झाला. तुमचीही कामं असतील."

"छे, छे," सासूबाई म्हणाल्या, आणि केतकीने त्यांचा दंड घट्ट धरला, पुढचं त्या म्हणू नयेत म्हणून.

गादी उठली. खळगा तळापासून भरत आला. कांदे वर आले, सगळे, आणि पलंगावरून खाली पडून एकामागून एक टोपलीकडे निघाले. फरशी सरळ झाली. भिंती मागे सरकल्या, कपाटाचं दार आपोआप उघडलं आणि आतल्या गोधड्या खाली आल्या. खुर्चीने टेबलाचा आधार घेऊन पाय सरळ केले. गादी पलंगावरून उतरली, कडेवर उभी राहिली आणि दाराकडे चालू लागली.

निनादच्या हातांत नभाने मान उचलली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्याने तिला पलंगाच्या उघड्या फळीवर ठेवलं, हात थोडे दूर केले, मग आणखी दूर.

नभा बसली.

तळवे टेकून नव्हे. पाठ सरळ, पाय पुढे, पोट पुढे, एखाद्या दुकानदाराने गल्ल्यावर बसावं तशी.

"बसली गं बाई," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

"बसला," निनाद म्हणाला.

"काय?"

"विश्वास."

केतकीला हसू आलं. किती दिवस आपण दातावर दात धरून होतो, हे तिला जबडा सैल पडल्यावर कळलं. तिने निनादच्या मनगटाची गाठ सोडली, नभाच्या कमरेची सोडली, ओढणी झटकून घडी केली आणि ठेवून दिली. खोलीत वारा आला. आता कुणीही विचारावं, मावशीने, जावेने, समोरच्या बाईंनी. ती म्हणणार होती, बसते, आणि फोन कानाला लावून दुसऱ्या खोलीत जाणार होती. नभाकडे न बघता.

गादी अजून दारात होती. पाहुण्यांचं दारातलं बोलणं बसून झालेल्या बोलण्यापेक्षा लांबतं, हे केतकीला ठाऊक होतं. ती जवळ गेली. जिभेवर आलेला शब्द तिने गिळला आणि दुसरा शोधला.

"या हं," ती म्हणाली.

"येते," गादी म्हणाली. पण उंबऱ्यावर तिचा पाय अडला. ती आत वळून पलंगावरच्या नभाकडे बघत राहिली, आणि थोडी वाकली. वाकल्यावर तिच्या मधोमध पुन्हा खळगा दिसला, लहानसा, मांडीएवढा. निघताना सगळेच पाहुणे लहान मुलाला जे विचारतात तेच तिने विचारलं.

"येतेस का गं माझ्याकडे?"

नभाने, बसल्याबसल्या, दोन्ही हात वर केले. दोन्ही हात वर करूनही ती पडली नाही.