फिके पराग

जंगली टोमॅटोची ती अकरा झाडं फुलावर आली, त्या सकाळी ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच काचघरात कामावर पोचली. दोनशे जुन्या बिया पेरल्या होत्या, उगवल्या अकराच. थंड डोंगरातल्या या जातीला पानावरचा करपा रोग शिवत नाही. तो गुण आपल्या टोमॅटोत आणायचा, म्हणून दोन वर्षं खटपट चालली होती. त्यासाठी पराग या अकरा झाडांचेच हवे होते. उलटं करून चालत नाही. आपल्या टोमॅटोचे पराग यांच्या फुलावर टाकले तर ते आत शिरतच नाहीत.

तिने फुलाच्या देठाला बॅटरीवरचा दात घासायचा ब्रश टेकवला. त्याच्या थरथरीने पराग खालच्या काचपट्टीवर पिठासारखे झडायला हवे होते. जेमतेम चिमूटभर धूळ पडली. तिने लाल रंगाचा थेंब सोडला, वर काच ठेवली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

जिवंत कण रंग पितात, लाल आणि गरगरीत दिसतात. इथे जवळजवळ सगळे फिके होते. चेपलेले, सुरकुतलेले. शंभरांत चार लाल.

रंग जुना झाला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. शेजारच्या खोलीत मादी म्हणून वापरायची आपली टोमॅटोची झाडं होती. त्यातलं एक फूल आणून त्याचेही पराग तपासले, तर लालच लाल. रंगात खोट नव्हती. बाकीच्या दहा झाडांची फुलं बघेपर्यंत तिच्या तोंडचं पाणी पळालं. सगळीकडे तेच.

झाडं मात्र टवटवीत, एक पान वाळलेलं नाही.

टोमॅटोचं फूल उमलायच्या आठ-नऊ दिवस आधी, कळी हरभऱ्याएवढीही नसते तेव्हा आत पराग घडत असतात, हे तिला ठाऊक होतं. त्या वेळी उष्णता लागली तर झाड सोसून जातं, पराग नाही. तिने कॅलेंडरवर बोट ठेवून नऊ दिवस मागे मोजले आणि बोट तिथेच थांबलं. त्याच सुमारास तीन दिवस ती तापाने घरी होती. तिच्या जागी काचघर सांभाळायला सासरे आले होते.

सासरे याच काचघराचे जुने प्रमुख; आता त्या जागी मॅडम होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सगळे त्यांना अजून ‘पारा’ म्हणत. मानेवरच्या घामावरून ते तापमान सांगत आणि ते एका अंशाने चुकलं तर दिवसभर खट्टू होत.

तिने तापमानाची नोंद उघडली. तिन्ही दुपारी एकोणचाळीस. तिन्ही रात्री अठ्ठावीसच्या खाली उतरलंच नव्हतं.

संध्याकाळी सासरे भाजी निवडत बसले होते. ती समोर बसली, एक जुडी आपल्याकडे ओढली.

“बाबा, मी आजारी होते तेव्हा छताच्या खिडक्या उघड्या होत्या का?”

“बंद केल्या होत्या मी. शेजारच्या खोलीत पांढरी माशी दिसली. म्हटलं, तुझ्या झाडांवर यायला नको. का गं?”

“पराग मेलेत. सगळ्या झाडांचे.”

त्यांचा हात थांबला. “पण झाडं तर मान ताठ करून उभी होती. मी रोज बघत होतो.”

“झाडांना काही झालं नाही, बाबा. फुलांच्या आत झालं.”

त्यांनी निवडलेली भाजी बाजूला सारली आणि विचारलं, “मॅडमना सांगितलंस?”

“उद्या सांगते. खिडक्या बंद राहिल्या, एवढंच सांगेन.”

“कोणी केल्या ते विचारतील.”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. मादी झाडांवर जेमतेम दोन आठवड्यांची फुलं उरली होती आणि ऊन रोज चढत होतं. सासऱ्यांचं नाव सांगावं तर घरात तोंड कसं दाखवायचं. लपवावं तर उद्या कोणी नोंद काढली की संपलंच.

सकाळी ती मॅडमच्या खोलीत पोचली, तर सासरे आधीच तिथे उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालून.

“चूक माझी आहे, मॅडम,” ते म्हणत होते. “सूनबाईने मला काचघर सोपवलं होतं. मी माशी बघितली, पारा बघितला नाही.”

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. “आता काय करता येईल?”

“त्या वेळी ज्या कळ्या अगदी बारीक होत्या, त्यांचे पराग अजून घडायचेत,” ती म्हणाली. “झाडं गार जागी हलवली तर दहाएक दिवसांत चांगली फुलं मिळतील. बियांच्या कोठीबाहेरची खोली द्याल? तिथे एसी आहे.”

“आणि नाही मिळाली तर?”

“तर हे वर्ष गेलं.”

खोली मिळाली. अकरा कुंड्या दोघांनी हातगाडीवरून हलवल्या, वर दिवे टांगले, उमललेली फुलं खुडून टाकली. सासरे रोज सकाळी तिच्याबरोबर येऊ लागले. ती मायक्रोस्कोपवरून डोळा काढेपर्यंत ते दारात उभे राहत आणि तिच्या चेहऱ्यावरूनच समजून घेत. फिके. परत फिके.

सहाव्या दिवशी भर दुपारी वीज गेली. आता घडणाऱ्या कळ्याही गेल्या, तर हाती काहीच उरणार नव्हतं. सासऱ्यांनी गोणपाटं भिजवून खिडक्यांवर टांगली, ती पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. तापमापी सत्तावीसवर गेली, अठ्ठाविसाला टेकली. दोन तासांनी एसी घरघरला, तेव्हा सासरे भिंतीला पाठ लावून खालीच बसले.

“मला वाटायचं, झाडाला काय होतंय ते मला दिसतं,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं तेच वाटत होतं.”

तिने त्यांना पाणी दिलं.

अकराव्या सकाळी काचपट्टीवर लाल कण दिसले. तिने दोनदा मोजले. शंभरांत एकतीस.

“एकतीस पुरतात का?” दारातून प्रश्न आला.

“पुरवायचे.”

मादी झाडांवर चांगली फुलं एकोणीसच राहिली होती. तिने चिमट्याने प्रत्येकाचे परागकोष काढले, जंगली पराग लावले आणि सासऱ्यांनी त्या फुलाला खुणेचा दोरा बांधला. त्यांनी एकही फूल मोडलं नाही. आठवडाभरात पंधरा फुलं गळून पडली. चार धरली.

ती फळं पिकायला जवळजवळ दोन महिने लागले. कापली तेव्हा एक पोकळ निघालं. बाकी तिन्हींत मिळून बेचाळीस बिया भरल्या.

मॅडम म्हणाल्या, “चारशे तरी हव्या होत्या.” मग बियांचं पाकीट हातात घेऊन पुढे म्हणाल्या, “पण सुरुवात करता येईल.”

घरी ती आकडा सांगायला गेली, तर सासरे आधीच चपला घालून बसले होते.

“पेरणी कधी?” त्यांनी विचारलं. “मी यायचं की नाही, ते तू सांग.”

“या,” ती म्हणाली. “फक्त खिडकीला हात लावायच्या आधी मला विचारा.”