आढळ : सर्वत्र

चिवट म्हणजे कुठेही उगवणारं, हा शोध आळशी लोकांनी लावलेला आहे. आमचे संचालक त्यातले पहिले. त्या सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर एक फॉर्म आणून ठेवला. बंद पडलेल्या काचकारखान्याच्या आवारात गोदामं बांधायची होती, आणि तिथे वाढणाऱ्या एका रानगवताबद्दल आमच्या वनस्पती संग्रहालयाचा अभिप्राय हवा होता. ‘आढळ’ या रकान्यात सरांनी आधीच लिहून टाकलं होतं : सर्वत्र.

“सर, हे गवत मी त्या आवाराबाहेर कुठे पाहिलेलं नाही,” मी म्हणाले.

“बाई, तुमच्याच बाबांनी अडतीस ठिकाणांहून आणलंय ते. चिवट जात आहे, कुठेही येते. शुक्रवारी फॉर्म जायचाय, तेवढी शीटं नीट करून ठेवा. फोटो जोडायचेत.”

शीटं नीट करणं हेच माझं काम. गेली सव्वीस वर्षं मी वाळवलेली झाडं जाड कागदावर गोंदाने बसवते. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लेबल असतं : कोणी आणलं, कधी, कुठून. ही नोकरी मला बाबांच्या पुण्याईवर मिळाली, याची मला रोज कोणीतरी आठवण करून देतं. बाबा याच संग्रहालयासाठी झाडं गोळा करत हिंडायचे, म्हणून ऑफिसात त्यांना ‘पायपीट साहेब’ म्हणतात. हॉलमध्ये त्यांच्या दौऱ्यांचा नकाशा टांगलाय, त्यावर लाल टाचण्या टोचल्यात, आणि खाली काचेच्या पेटीत त्यांचे बूट. शाळेची मुलं आली की आधी बूट दाखवायचे, मग झाडं.

त्या गवताला आम्ही करवती म्हणतो. पात्याची कड बोटाला लागली तर रक्त काढते. कारखान्याच्या मागे चुनखडीचा एक पट्टा आहे. त्यावर वर्षानुवर्षं भट्टीची राख ओतली गेली, फुटक्या काचा पडल्या, ट्रक फिरले. दुसरं काही जगत नाही तिथे, आणि करवती गुडघाभर वाढते. म्हणून लोकांना वाटतं, हिला कुठेही टाका. मी टाकून बघितलीय. तीनदा कुंडीत लावली, चांगली काळी माती घातली, खत घातलं. तिन्ही वेळा महिन्याभरात मेली. तिला तिचीच जागा लागते, दुसरी चालत नाही.

कपाटात ओल शिरल्यामुळे जुना गोंद सुटला होता. माझ्या आधीचा माणूस मुळं न धुताच चिकटवायचा, त्यामुळे मुळांना माती तशीच होती. पहिलं शीट उचललं तर पांढऱ्या टिपकागदावर मातीबरोबर दोन निळे कण पडले. दुसऱ्या शीटमधून तीन. लेबल बघितलं : समुद्रकिनारा. तिसऱ्याला गंमत वाटली, सातव्याला शंका आली, अकराव्याला मी खुर्ची मागे सरकवून उभी राहिले.

निळा काचेचा चुरा होता तो. त्या कारखान्यात औषधाच्या निळ्या बाटल्या व्हायच्या. आमच्या घरी आईच्या उशाशी अशा बाटल्यांची रांग असे, मला तो निळा रंग डोळे मिटूनही दिसतो.

बुधवारपर्यंत मी सगळी अडतीस शीटं तपासली. लेबलावर वाळवंटाची कड असो, नदीचं खोरं असो की घाटमाथा, मुळाशी तीच निळी काच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. बाबांनी तर वळसासुद्धा कागदावरच घेतला होता.

मग मी तारखा लावल्या, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. अडतीसच्या अडतीस तारखा चार वर्षांतल्या होत्या. आई अंथरुणाला खिळली ती चार वर्षं.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आईला कुशीवर कसं वळवायचं, चादर तिच्याखालून कशी काढायची, हे मला मावशीने एकदा दाखवलं आणि ती तिच्या घरी गेली. बाबा दौऱ्याची पिशवी भरत म्हणायचे, “आईकडे बघ हं. आठ दिवसांत आलोच.” सगळे म्हणायचे, माणूस कामाला किती वाहिलेला आहे, आणि पोर कशी चिवट आहे.

एका शीटवर आई गेली ती तारीख होती. ठिकाण : घाटमाथा, तीनशे किलोमीटर. शेवटच्या दोन दिवसांत मी शेजाऱ्यांकडून तिथल्या विश्रामगृहाला चार फोन केले. तिथला माणूस म्हणाला, असे कोणी साहेब आलेच नाहीत. मी आईला सांगितलं, “निरोप पोचलाय. बाबा निघालेत.” ती दाराकडे तोंड करून पडून राहिली. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी बाबा आले, पिशवीत हिरवंगार गवत घेऊन.

मी हॉलमध्ये गेले, काचेची पेटी उघडली आणि बूट उलटे केले. तळव्यांची नक्षी जवळजवळ झिजलीच नव्हती. इतकी वर्षं मुलांना ते दाखवले, पण उलटून कोणी बघितले नव्हते. मीसुद्धा नाही.

संचालकांपुढे निळ्या चुऱ्याची अडतीस पाकिटं ठेवली, तर ते वैतागले. “काचेचा चुरा कुठेही असतो, बाई.”

“तुमच्या मते सगळंच कुठेही असतं, सर.”

त्यांनी आवाज खाली आणला. “लेबल हा पुरावा आहे. ज्याने नमुना आणला त्याने स्वतः लिहून दिल्याशिवाय तो खोटा ठरत नाही. आणि जरा विचार करा. आपलेच दात, आपलेच ओठ.”

आमच्याकडे जुनं लेबल कधी फाडत नाहीत. चूक सापडली तर खाली दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवतात, खाली सही. मी अडतीस चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर शीटचा नंबर आणि तारीख घातली, आणि गुरुवारी अर्धी रजा टाकून घरी आले.

बाबा माझ्याकडेच राहतात. एकोणऐंशी वर्षांचे आहेत. जेवणाच्या टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होते. मी पांढऱ्या ताटलीत सगळी पाकिटं रिकामी केली आणि ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

“हे काय?” त्यांनी बोटाने कण हलवले. “कुठे सापडलं?”

“समुद्रकिनारी. वाळवंटात. घाटमाथ्यावर. तुम्ही अडतीस ठिकाणं लिहिलीत, तिथे सगळीकडे.”

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. “सगळेच दौरे खोटे नव्हते.”

“किती खरे होते ते मी विचारत नाहीये. तुम्ही कुठे होतात?”

“कारखान्याच्या मागच्या फाटकाशी चौकीदाराची खोली होती. तो गावी गेला की किल्ली मला द्यायचा.”

“कोण होतं तिथे?”

“कोणी नाही. मी वाचायचो. झोपायचो. घरात सारखा औषधाचा वास यायचा. मला सहन व्हायचं नाही गं.”

कोणी बाई असती तर मी ओरडले असते आणि मोकळी झाले असते. पण हे झोपायला गेले होते.

“आणि मला व्हायचं?” मी म्हणाले. “मी तेरा वर्षांची होते, बाबा. मला एकानेही विचारलं नाही. सगळे म्हणायचे, चिवट आहे. म्हणजे हिच्यावर टाका आणि जा.”

त्यांनी ताटली हळूच बाजूला सरकवली.

“हेच गवत का आणायचात?”

“दाराशीच होतं. आठ दिवस पिशवीत राहिलं तरी मरगळायचं नाही. लांबून आणलंय, पण नीट जपलंय, असं वाटायचं.”

मी चिठ्ठ्या आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं. उद्या फॉर्म जाणार आहे, ‘सर्वत्र’ राहिलं तर पुढच्या आठवड्यात आवार खणतील, हे सांगितलं.

“माझं नाव जाईल,” बाबा म्हणाले. “आता या वयात.”

“जाईल. नाही लिहिलंत तर गवत जाईल. त्याला दुसरी जागा नाहीये. तुम्हाला घर होतं.”

पहिली चिठ्ठी ओढून त्यांनी लिहिलं : काचकारखान्याचे आवार. सही केली. मग दुसरी. मी मदत केली नाही. चहाही विचारला नाही. सदतीस चिठ्ठ्या झाल्या. अडतिसावी मी मुद्दाम सगळ्यात खाली ठेवली होती.

त्यांनी तारीख वाचली आणि पेन खाली ठेवलं. “ही राहू दे.”

“नाही.”

“एवढी एक राहिली तर काय बिघडतं?”

“एक राहिली तर घाटमाथ्यावरही उगवतं असं होतं. गवत खरंच तिथे असेल तर ठेवा.”

त्यांनी पुन्हा पेन घेतलं. ठिकाण लिहिलं, सही केली. चिठ्ठी माझ्याकडे द्यायला उचलली, परत खाली ठेवली आणि आणखी एक ओळ लिहिली. ती मी मागितली नव्हती : राहत्या घरापासून दोन किलोमीटर. मग खुर्चीला धरून उठले आणि आतल्या खोलीत गेले.

शुक्रवारी सकाळी मी अडतीस चिठ्ठ्या चिकटवल्या आणि शीटांचा गठ्ठा संचालकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चार शीटं उलटली, माझ्याकडे बघितलं, पाचवं उलटलं नाही. फॉर्म ओढून ‘सर्वत्र’वर काट मारली आणि लिहिलं : एकाच ठिकाणी. गोदामांचं काम तेव्हापासून थांबलंय. हॉलमधली पेटी शिपायाने रिकामी केली. बूट कुठे ठेवू, असं त्याने मला विचारलं.

त्या शुक्रवारी सुटल्यावर मी आमच्या जुन्या घरापाशी गेले, घड्याळ बघितलं आणि तिथून कारखान्याच्या मागच्या फाटकापर्यंत चालत गेले. घाई केली नाही. चोवीस मिनिटं लागली. आई दीड दिवस दाराकडे बघत होती.